चालू व्हायला अकरा मिनिटं

मी आत शिरलो तेव्हा स्क्रीनवर गणपती उतरत होता. चांदणीच्या हिरव्या खुणांनी काढलेला. एकेक ओळ वरून खाली. आधी मुकुट, मग कान, मग सोंड. मशीनच्या पोटातून पीं पीं करत आरती वाजत होती. ऑफिसातले सगळे हात जोडून उभे. शेठनं मला डोळ्यांनीच सांगितलं, चप्पल काढ. मी काढली.

"सकाळपासून हा सहावा," मशीनवर बसणारी शैला माझ्या कानाशी पुटपुटली.

आरती संपली. सगळ्यांनी चपला घातल्या. मशीन कुरकुर करत बसलं. पाच मिनिटं गेली, सहा गेली. स्क्रीनवर फाइलींची नावं सरकत होती. आणि लाइट गेली. स्क्रीन काळा. शेठनं कपाळाला हात लावला.

ही मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतली गोष्ट. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. पहिल्या मजल्यावरचा गाळा, खाली कारखाना. पितळी नळ बनवायचे आणि आखातात पाठवायचे. मालक कांतिशेठ. मी त्यांचा कॉम्प्युटरवाला. कॉम्प्युटरवाला म्हणजे काय, सातवी शिकलेला माणूस. वीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. मग ऑफिसांतून टाइपरायटर जायला लागले, म्हणून हेही शिकलो. इंग्रजी शब्द मला वाचता यायचे त्यापेक्षा ओळखता जास्त यायचे. तोंडावरून माणूस ओळखतो ना, तसे.

त्या दिवशी इस्टेटीच्या ट्रान्सफॉर्मरवर काम चालू होतं. लाइट यायची, कधी दहा मिनिटं टिकायची, कधी पंधरा, मग झटका मारून जायची. लाइट गेली तरी मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा ऑफिसात होता. पण बॅटरी मेली म्हणून तो दुरुस्तीला गेलेला. म्हणजे प्रत्येक झटक्याला मशीन बंद आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

खाली टेम्पो भरून उभा होता. मालाबरोबर पॅकिंग लिस्ट लागते. कुठल्या खोक्यात काय आणि वजन किती, त्याची यादी. नऊ पानं. ती घेऊन क्लिअरिंग एजंटचा माणूस दोन वाजता गोदीकडे निघणार होता. त्याच्याहून उशीर झाला की जहाज चुकलं. नऊ पानं छापायला आठ मिनिटं लागायची. मध्येच तुटलं तर पहिल्या पानापासून परत.

"टाइपरायटर कुठाय तुमचा?" मी विचारलं.

"विकला ना. कॉम्प्युटर आला तेव्हाच."

तो मीच विकून दिला होता.

शेठनं मला केबिनमध्ये घेतलं. केबिनला काच होती. काचेतून समोर शैलाचं टेबल.

"तावडे, साफ सांगतो. मशीनमध्ये खोट नाय. खोट त्या पोरीत हाय. नऊला येते आणि सव्वानऊला बोटं हलवते. मी रोज बघतो इथून. हजेरीच्या मस्टरवर उशिराच्या लाल खुणा बघ किती झाल्या. आज हे जहाज चुकलं तर उद्यापासून तिला घरी बसवणार हाय."

"तिला सांगितलंत?"

"सकाळीच सांगितलं."

खरं सांगतो, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पोरगी चहा पीत असेल, टिवल्याबावल्या करत असेल. बाहेर येऊन तिला सरळ विचारलं.

"काय गं, पंधरा मिनिटं काय करतेस सकाळी?"

शैला वेसाव्याची कोळ्याची पोर. तोंडानं मला भारी.

"काय करते? उभी राहते, काका! चपला काढून! मग बसते आणि मशीनकडं बघते. ते काय करतंय ते मला काय ठाऊक? मी कीबोर्डला हात लावला तर शेठ वरडतात, आरती चालू हाय, हात लावू नकोस." मग आवाज खाली आला. "आई बोलते, सोड ती नोकरी आणि माझ्यासंगं मासळीची टोपली घे. मला टोपली नाय घ्यायची, काका."

एक वाजून दोन मिनिटांनी लाइट आली. मी घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवलं.

चालू होताना मशीन आधी स्वतःची मेमरी मोजतं. त्याला एक मिनिट. ते आपल्या हातात नाही. मग ते एक यादी वाचतं. तिला ऑटोएक्झेक म्हणायचे. त्यात ओळी लिहिलेल्या असतात. हे कर, मग ते कर. मशीन वरून खाली एकेक करत जातं, विचारत नाही. सगळं झालं की मगच माणसाची पाळी.

गणपतीला तीन मिनिटं. आम्ही सगळे परत उभे. त्यानंतर डिस्कची तपासणी, दोन मिनिटं. त्यानंतर सगळ्या फाइलींची दुसरीकडे एक कॉपी, पाच मिनिटं. एक तेरा झाले तेव्हा शैलासमोर मेनू आला.

अकरा मिनिटं. दुपारच्या जेवणाला मी एवढा वेळ घेत नाही.

"छाप! छाप लवकर!" शेठ ओरडले.

शैलानं बोट उचललं. मी तिचा हात धरला.

"छापू नकोस."

"तावडे, डोकं फिरलं काय तुझं?"

"शेठ, लाइट येऊन अकरा मिनिटं झाली. राहिली फार तर चार. छपाईला आठ पाहिजेत. दोन-चार पानं निघतील आणि परत लाइट जाईल. ही चार मिनिटं मला द्या."

"आणि लाइट राहिली तर?"

"तर माझी चूक. शैलाची नाही. लिहून घ्या."

त्यांनी घड्याळ बघितलं. मी हो म्हणायची वाट बघितली नाही. मेनूतून बाहेर पडलो आणि यादी उघडली. तेव्हा ती बदलायला एकेक ओळ नंबर देऊन मागवावी लागायची. पुसायची तरी नंबर द्यायचा. नंबर चुकला तर भलतीच ओळ जाते. माझी बोटं जाड. टाइपरायटरची सवय, जोरात दाबायची. शैला म्हणाली, "काका, तुम्ही सांगा, मी मारते." मी सांगत गेलो, ती मारत गेली.

कॉपीची ओळ आधी उडवली. शेठच्या जुन्या प्रोग्रामरनं ती टाकली तेव्हा फाइली मूठभर होत्या, कोणाला कळतही नसेल. आता त्या डिस्कभर झाल्या होत्या. आणि खरा धोका वेगळाच. लाइट जाऊन एखादी फाइल बिघडली, तर पुढच्या वेळी मशीन ती बिघडलेली फाइल चांगल्या कॉपीच्या उरावर उतरवणार. ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच बुडवणार. सकाळपासून सहा वेळा वाचलो होतो आम्ही, नशिबानं.

मग तपासणीची ओळ. असल्या दिवशी तपासणी काढणं बरोबर नाही. फाइल आतून मोडली असेल तर छपाई मध्येच अडकणार. पण दोन मिनिटं होती ती. उडवली.

राहिला गणपती.

"त्याला हात नाय लावायचा," शेठ मागून म्हणाले. "माझ्या बानं दसऱ्याला बसवून घेतलाय तो. त्याच आठवड्यात दुबईची ऑर्डर आली. गणपती काढलास तर तूपण दरवाज्याबाहेर."

"शेठ, तीन मिनिटं आहेत."

"तीन काय, तीस असू दे!"

शैला माझ्याकडे बघत होती. डोक्यावरचा पंखा फिरत होता. तो फिरतोय तोवर लाइट आहे, एवढंच मला कळत होतं.

काय सुचलं ते सांगतो. त्या सकाळी मला घरातून निघायची घाई. देवासमोर उभा राहिलो आणि मनात नुसता टाइम. माझी बायको सुमन, आचऱ्याकडची, चुलीकडून बोलली, "आधी चाय घेवा. देव काय पळान जातत?"

मी शेठकडे वळलो. "काढत नाही. जागा बदलतो. सकाळी काम, संध्याकाळी मशीन बंद करताना गणपती. तुमच्या घरी आरती किती वाजता करतात?"

"संध्याकाळी. सातला."

"मग इथं सकाळी नऊला कशाला?"

शेठनं मान खाजवली. मग म्हणाले, "बा विचारेल तर तुझं नाव सांगेन."

"सांगा."

शैलानं ती ओळ यादीतून काढली आणि दुसऱ्या एका छोट्या फाइलीत ठेवली. संध्याकाळी 'आरती' एवढं टाइप केलं की गणपती येईल अशी. मग सेव्ह. डिस्कचा लाल दिवा लागला, विझला. मी श्वास सोडला आणि पंखा मंद झाला. लाइट गेली.

एक सतरा.

वीस मिनिटं अंधारात बसलो. शैला नखं खात होती. एजंटचा माणूस दोनदा वर येऊन गेला. मी मनात एकच मोजत होतो. दिवा विझला तो आधी, की लाइट गेली ती आधी? दिवा आधी विझला असेल तर यादी वाचली. नाहीतर मशीन चालूच होणार नाही आणि दरवाजाबाहेर आम्ही दोघं.

एक सदतीसला लाइट आली. मशीननं मेमरी मोजली. शेठनं सवयीनं चपला काढल्या. मशीननं तारीख विचारली, शैलानं मारली. वेळ विचारली, मारली. आणि मेनू.

दीड मिनिट. गणपती नाही, कुरकुर नाही. शेठ अनवाणी उभे.

"छाप," मी म्हटलं.

प्रिंटर करकरायला लागला. चौथ्या पानाला मशीन थांबलं. डिस्क खरखरली. मला वाटलं, झालं, मोडकी फाइल लागली. शैलानं माझं मनगट पकडलं. मग डिस्कची खरखर थांबली आणि प्रिंटर परत चालू झाला. नववं पान एक अठ्ठेचाळीसला फाटून हातात आलं. एजंटचा माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

आणि गंमत म्हणजे लाइट नंतर संध्याकाळपर्यंत गेलीच नाही.

"बघ," शेठ म्हणाले, "शेवटी त्यानंच सांभाळलं."

"सांभाळलं. आता मस्टर आणा. ही पोरगी नऊला येत होती. तुमचं मशीन नऊ अकराला येत होतं. त्यात शेठ, बोटं हलवायला तीन-चार मिनिटं कोणालाही लागतात."

शेठनं मस्टर आणलं. लाल खुणा खोडल्या. तोंडानं सॉरी म्हणाले नाहीत. शेठ लोक म्हणत नाहीत. शैलाच्या टेबलावर शेठनं मागवलेला कटिंग चहा आला आणि तिनं तो माझ्याकडे सरकवला.

तपासणी मी सोमवारवर ठेवली, कॉपी शनिवारी वेगळ्या फ्लॉपीवर. दहा दिवसांनी शेठचा फोन आला, आमच्या शेजारच्या दुकानात.

"तावडे, ती आरती जरा छोटी करून दे ना यार. सहा वाजता कोण उभाच राहत नाय. शैला टाइप करते आणि मागं बघते तर सगळे जिन्यात."

सकाळी ऑफिसच्या टायमात सगळे भक्त होते. घरी जायच्या टायमात एकही नाही. मी हे सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. पोट धरून हसली. म्हणाली, "बघलात? देव नाय पळालो. माणसां पळाली."

सुमनला जाऊन आता दोन वर्षं झाली.

धंद्यातला धडा एवढाच. यादीत ओळ टाकायला सगळे पुढे असतात, काढायला कोणी नसतं. वर्षातून एकदा यादी वरपासून खालपर्यंत वाचा. ज्याचं काम संपलंय ते उडवा. जे उडवता येत नाही त्याची जागा बदला.

घरी मी स्वतः हे पाळत नाही. चारकोपच्या या खोलीत आता दिवसभर नळाला पाणी असतं. तरी सकाळी उठल्यावर मी आधी सुमनची कळशी घासतो, भरतो, तिच्या फडक्यानं झाकतो. मग चहा. पोरगा म्हणतो, बाबा, कशाला? वेळ जातो ना.

जातो. ती ओळ मी काढणार नाही.