रायरू कुरुपांचा गुडघा

रायरू कुरुपांनी ढाल-तलवार घेऊन उडी मारली, की खाली येईपर्यंत दोन माणसं आडवी, असं लोक सांगत. लोकांचं काय जातंय, ते पाचसुद्धा सांगतील. एवढं मात्र खरं, की तीस वर्षं राजांची फौज त्यांच्या मागून चालत आली होती. आणि दोन वर्षांपासून त्यांचा उजवा गुडघा गेला होता, हेही तितकंच खरं. पण हे ते कोणाला सांगतायत? झाकली मूठ सव्वा लाखाची.

कर्कटकाचा महिना लागला. धो धो पावसात लढाया बंद. आखाड्यातल्या सगळ्यांनी अंगाला तेल लावून घ्यायचं, ही रीत. कुरुप चटईवर पालथे पडले. त्यांचा भाचा चिंडन आढ्याच्या दोराला धरून पायानं त्यांचं अंग चोळू लागला. गुडघ्यापाशी त्याचा पाय थबकला.

"मामा, हे कधीपासून?"

"गुमान चोळ."

"ओणम झालं की राजे त्या वादाच्या बांधासाठी नदीपलीकडच्या राजावर निघणार. तीनशे माणसं तुमच्या भरवशावर. राजांना सांगितलंत का?"

"तूच सांग की जाऊन. एवढं पोट दुखतंय तर."

"मी सांगितलं तर तुमच्या जागी फौजेची तलवार माझ्याकडे येईल," चिंडन म्हणाला. "म्हणून मी नाही सांगायचा. तुम्हीच सांगा."

कुरुपांना राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. भाच्याला तिखट जिभेचा म्हणून ते आजवर नावं ठेवत आले होते. पण ह्या पोराचं सरळपण त्यांच्यात कुठं होतं? गेल्या साली ह्याच बांधाच्या लढाईत नदीच्या उतारावर त्यांचा गुडघा दुमडला, तेव्हा चिंडनचा थोरला भाऊ कण्णन झटकन पुढं झाला आणि त्यांच्यावरचा घाव अंगावर घेऊन तिथंच गेला. पोरगा शूर होता, असं सगळे म्हणाले. का पुढं झाला, ते एकट्या कुरुपांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते राजांकडे गेले. उपरणं कमरेला बांधून, रीतीप्रमाणे तोंडावर हात धरून उभे राहिले.

"तंपुरान, माझा गुडघा गेला. फौज मला नेता येणार नाही."

राजे पान लावत होते. त्यांनी चुना पुसला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"अरेच्चा." राजांनी पान तोंडात घातलं. "मग मिटलं. पलीकडच्याला मी दटावतो ते तुझ्या जिवावर. तू नाहीस तर त्या चिखलाच्या बांधासाठी मरायला कोणी जायचं? देऊन टाकू अर्धा. गेल्या साली बोलला असतास, तर गेल्या सालीच दिला असता."

राजे रागावले नव्हते. भाताचं बोलावं तसं बोलले आणि दुसरं पान लावायला बसले.

कुरुप घरी आले ते भिजूनच. थोरली बहीण चिरुतेयी, चिंडनची आई, ओसरीवर भात कांडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. गुडघा, नदीचा उतार, राजांचं बोलणं. काही गाळलं नाही.

तिचं मुसळ थांबलं.

"कण्णनला ठाऊक होतं? तुझ्या गुडघ्याचं?"

"होतं, अक्का. त्या साली तोच माझं अंग चोळायचा. मीच त्याला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"म्हणजे तुला ठाऊक, त्याला ठाऊक." तिचा आवाज जराही चढला नाही. "तिसरी मी होते रे घरात. मला सांगितलं असतं, तर मी त्याला दारातच अडवला असता."

कुरुप तिथंच खांबाला टेकून लहान पोरासारखे रडले. चिरुतेयीनं त्यांना रडू दिलं. जवळ आली नाही, जा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं मुसळ उचललं. सगळ्यांना जेवायचं होतं आणि अर्धा भात अजून कांडायचा राहिला होता.