कोपराने दाबायचं बटन

नवीन स्क्रीन तपासताना कोकरे मामा बटन बोटाने दाबत नसत. महिनाभर खपून केलेली माझी पहिली स्क्रीन मी त्यांना दाखवली, तर त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मशीन बंद करायला न बघता मागे उघडं कोपर मारलं. काहीच झालं नाही. “गेलं मशीन,” असं म्हणून ते चहाला निघून गेले.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मसाल्याच्या पुड्या भरणारी मशीनं बनतात. ती चालू-बंद करायची बटनं आता काचेच्या स्क्रीनवर काढलेली असतात आणि ती काढणं हे माझं काम. मामा बाहेर जाणारं प्रत्येक मशीन तपासायचे. सहा महिन्यांनी माझी नोकरी पक्की होणार होती, पण माझ्या स्क्रीनवर मामांची सही झाली तरच.

मी इंग्रजी शाळेतली, त्यात डिझाइन शिकलेली. राखाडी रंग, सपाट चौकोन, भरपूर मोकळी जागा. मामांनी ते बघून विचारलं, “मॅडम, हे बटन हाय का भिंतीवरची ओल?” मी बटनांना लाल-हिरवा रंग दिला. मग दाबल्यावर बटन खाली बसल्यासारखं दिसलं पाहिजे, “नायतर माणूस दाबीतच राहतो.” तेही केलं. मग ‘बंद’चं बटन. माझ्या प्रत्येक पानावर ते वेगळ्या ठिकाणी होतं. “उंबरा रोज जागा बदलतो का? बंदचं बटन दर पानावर एकाच कोपऱ्यात पायजे, अन् लई मोठं. माणूस मशीनकडं बघंल का तुमच्या चित्राकडं?”

मी दर वेळी “हो मामा” म्हणायचे. मला समोरासमोर बोलता येत नाही. शहरातल्या छावणी भागात घरी पोहोचेपर्यंत बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात, इंग्रजीत, मुद्देसूद उत्तरं देत असे.

सातव्या खेपेला ते म्हणाले, ‘चालू’ दाबलं की मशीन लगेच चालू व्हायला नको. स्क्रीनने दुसऱ्या कोपऱ्यात ‘चालू करू का?’ असं विचारावं आणि तिथं दाबल्यावरच पुढचं. एक मशीन सुरू करायला दोन बटनं! आता हा माणूस नुसता छळतोय, असं मला वाटलं. मी “हो मामा” म्हटलं आणि ते केलंच नाही. त्यांनी स्क्रीन बघितली, सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. “खंडेनवमीनंतर बघू.” त्याच आठवड्यात माझे सहा महिने संपत होते.

खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली. सुकू नये म्हणून झेंडूचा हार पाण्यात बुचकळून मामांनी तो माझ्या स्क्रीनवर घातला आणि पट्ट्यावर नारळ ठेवला. फोटोत स्क्रीन उजळलेली दिसावी म्हणून साहेबांनी वीज चालू ठेवायला सांगितली होती. ओला झेंडू त्या काचेला बोटच वाटला असावा. मशीन आपोआप चालू झालं आणि नारळ पुड्या चिकटवणाऱ्या तापलेल्या जबड्याकडे निघाला. सगळे मागे सरकले. मामा आमच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांत आरतीचं ताट धरून उभे होते. ते वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त कोपर मागे मारलं. नारळ जबड्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“हे चालू कसं झालं?” साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, “हार वला व्हता. माझीच चूक.”

प्रसादाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले. “मामा, ते दुसरं बटन करायचं मी मुद्दाम टाळलं होतं.” त्यांच्याशी मी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

“मला म्हाईत हाय की. सही कुठं केली मी?” त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. “पटत नसंल तर भांडावं माणसानं, बाळा. नुसतं हो मामा, हो मामा. मी काय खातो का?”

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, मी केलेलं ते दुसरं बटन त्यांनी आधी ओल्या झेंडूने आणि मग कोपराने तपासलं. शेवटी अंगठ्याने दाबलं आणि सही केली. माझी नोकरी पक्की झाली.

मामा आता निवृत्त होऊन त्यांच्या गावी, कन्नडला असतात. मोबाईल घेतल्यापासून त्यांचे फोन येतात. “त्या हवामानाच्या ॲपात बंद करायची फुली मुंगीएवढी केलीय. ह्याच्यावर सही कुणी केली?”

“मामा, ते मी केलेलं नाही. आणि फोनवर कोपर चालत नसतं, बोट वापरा,” मी आता सरळ सांगते. ते हसतात आणि भांडण चालू ठेवतात. फोन ठेवल्यावर मी ते ॲप उघडून बघते. दर वेळी त्यांचंच खरं निघतं आणि दर वेळी मला तितकाच राग येतो.