आत्याच्या मानाचं कॉलेज

आमच्या डिंगोऱ्याच्या घरात इंजिनिअरिंग प्रवेशाचे सगळे शब्द कळणारी मी एकटीच होते, आणि नुकसानही माझंच झालं.

बारावीच्या निकालानंतर मी घरात मास्तरीण होऊन फिरत होते. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजी शब्दांची धास्ती. पण लग्नातल्या पंगती बसवण्यात अख्ख्या भावकीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. म्हणून मी सगळं पंगतीतूनच शिकवलं. राउंड म्हणजे पंगत. कटऑफ म्हणजे पंगतीत ज्याला शेवटचं पान मिळालं, त्याचे मार्क. बेटरमेंट म्हणजे मिळालेलं पान धरून ठेवायचं आणि पुढच्या पंगतीत आणखी बरी जागा मिळते का बघायचं.

"आन् फ्रीझ?" आईनं विचारलं.

"मिळालं त्यात समाधान मानून जेवायला बसायचं. ते आपल्याला लागणार नाही," मी म्हणाले. (एवढा आत्मविश्वास माझ्या चेहऱ्यावर पुन्हा कधी दिसला नाही!)

मला पुण्याला जायचं होतं. तिथं कॉम्प्युटरची जागा माझ्या मार्कांत सहज मिळत होती. हॉस्टेल, मैत्रिणी, टपरीवरचा चहा, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. पसंतीक्रमात पुणे पहिलं आणि अवसरी चौथं.

आण्णांचं बोट यादीवरून फिरत चौथ्या नंबरवर थांबलं.

"आक्काच्या गावचं कॉलेज चौथं?"

आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, अवसरी खुर्दला दिलेली. बस्त्यात पहिली साडी तिची निघाली नाही म्हणून ती एकदा आळेफाट्याच्या दुकानातून उठून थेट एसटीत जाऊन बसली होती.

"आण्णा, ही काय लग्नपत्रिका आहे का?"

"मानाचं काम हाये. तिला कुनीतरी सांगनारच. पहिला नंबर तिचा टाक, पुणं दुसरं. तूच म्हनली ना, पहिल्या पंगतीला नाय पटलं तर पुढच्या पंगतीला बघायचं?"

"तसं करता येतं," मी म्हणाले. येत नव्हतं. पण पंगतीच्या हिशेबानं ते अगदी बरोबर वाटलं, आणि पंगत तर मीच शिकवलेली! मी अवसरीला पहिल्या पाटावर बसवलं. आण्णांनी लगेच आक्काला फोन लावून मान पोचता केला.

पहिला राउंड लागला. अवसरी, कॉम्प्युटर. मी निवांतपणे बेटरमेंटचं बटण शोधायला लागले. ते सापडेना. मोबाइल बंद करून चालू केला, आईच्या मोबाइलवर बघितलं. शेवटी आण्णा आणि मी जुन्नरच्या सुविधा केंद्रावर गेलो.

खिडकीतल्या मॅडमनी स्क्रीन बघितली. "पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते. बेटरमेंट नाही."

"पण आम्हाला दुसरी पसंती पाहिजे होती," मी म्हणाले.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग ही पहिली का टाकली?"

"तिथं आमची बहीन दिल्याली हाये, मॅडम," आण्णा म्हणाले.

रांगेतल्या मागच्या पालकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मॅडमना मात्र काही उलगडेना.

"आन् सोडली जागा तर?"

"मग पुढच्या राउंडला नाव येणार नाही."

आण्णा माझ्याकडे वळले. "म्हंजे मानाचं पान वाढलं, पावना बसला. आता त्याला उठवता येत नाय." या खेपेला पंगतीचा पाठ त्यांनी घेतला.

जुन्नरपासून घरापर्यंत मी एसटीत रडले. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आत्या हजर. सगळी कथा ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"येडे, माझ्यासाठी टाकलं व्हय? मी फोनवर आण्णाला सांगत व्हते, पोरीला पुण्याला धाड म्हनून. पर ह्यो ऐकतोय कुठं? मान पोचला का, मान पोचला का, येवढंच लावलं व्हतं त्यानं."

आण्णा तेवढ्यात गोठ्याकडे निघून गेले.

मग चार वर्षं मी आत्याकडेच राहिले. परीक्षा आली की मला झोप लागू नये म्हणून ती लसूण सोलत माझ्यासमोर बसायची आणि हातात पाकळी धरून स्वतःच पेंगायची. तशी सोबत पुढे पुण्यातल्या कुठल्याच खोलीत मिळाली नाही. अजून सुट्टी मिळाली की मी आधी अवसरीला उतरते आणि मग डिंगोऱ्याला जाते. (आण्णा रुसतात.)

पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "हेच कॉलेज का निवडलंत?" मी ताठ बसून सांगितलं, "माझी पहिली पसंती होती, सर." साहेब खूश झाले. आणि मी खोटं थोडंच बोलले? सरकारदरबारी तशी नोंद आहे, आणि ती मी, घरातल्या सगळ्यांना एकेका शब्दाचा अर्थ समजावून सांगत, स्वतःच्या हातानं केलेली आहे.