वॉशिंग्टन ओलिव्हेराची वाकडी पानं

वॉशिंग्टन ओलिव्हेराचा अमेरिकेशी काडीचाही संबंध नव्हता. माँतेव्हिदेओतल्या त्याच्या गल्लीतच आणखी एक वॉशिंग्टन होता, शिवाय एक नेल्सन आणि शेजारचा मिल्तन. त्या पिढीतल्या आयांना मुलाचं नाव ठेवायला परदेशातला कुणीतरी थोर माणूस लागायचाच. आपला वॉशिंग्टन उभा जन्म शहराची बस चालवून निवृत्त झाला. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, आणि त्या गुडघ्याला चोळायच्या मलमासाठी त्यानं तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर पोस्टात नाव नोंदवून घरात गांजाची झाडं लावली. मलम हे बायकोला सांगायचं कारण. ते खोटं नव्हतं. पण रविवारी बोचासच्या खेळात गोळे टाकताना मित्रांमध्ये एक बारीकशी विडी फिरायची, तीही याच झाडांची.

झाडं होती ती निबियाची शिवणाची खोली. निबिया म्हणजे त्याची बायको; गल्लीतले निम्मे पडदे तिच्या हातचे. झाडं आत गेली तसं तिचं मशीन स्वयंपाकघरात आलं, आणि तेव्हापासून न्योकीच्या पिठात दोरे सापडू लागले, शिवलेल्या पडद्यांवर पीठ. त्यात मागच्या खेपेला फुलांना बुरशी लागून सगळं फेकावं लागलं. तेव्हा निबियानं कात्री टेबलावर आपटून निकाल दिला होता, "या वेळी फुलं हाती लागली तर खोली तुझी. नाही लागली तर माझं मशीन परत आत. अपील नाही!"

आणि आता, फुलं ऐन भरात आलेली असताना, पानं वळायला लागली होती.

एखाद्या चिडक्या मांजरीनं नखं आत ओढावीत तशी टोकं खाली वळलेली. रंग मात्र काळपट हिरवा, तुकतुकीत. वॉशिंग्टननं मिल्तनला बोलावलं. मिल्तन जन्मभर वायरमन होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्याला विजेत दिसायचं.

"दिवा," मिल्तन दारातूनच म्हणाला. "झाडांवरचा दिवा फार खाली आहे."

"अरे, दिव्याची धग लागली की पान वर वळतं, नावेसारखं. हे खाली वळलंय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"एकट्याला येर्बाचा काढा पिववत नाही म्हणून!"

तरीही, मन राखायला म्हणून, दिवा वर गेला. तोही निबियाच्या पडद्यांच्या आकड्यांवर. पानं वळलेलीच. वॉशिंग्टननं खत थांबवलं. पानं आणखी वळली. पाणी जास्त होत असेल म्हणून पाणी तोडलं, पंखा लावला. पानं आता हात जोडल्यासारखी लटकायला लागली, आणि कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या घिरट्या घालू लागल्या. रोज जेवताना निबिया सहज विचारायची, "मशीनला तेल घालून ठेवू का रे, म्हाताऱ्या?"

"इतक्यात नको," तो म्हणायचा आणि मिलानेसाचा तुकडा उगाचच बारीक कापत बसायचा.

शेवटी बसच कामाला आली. थांब्यावरून गाडी कशी उचलते यावरून मागे किती माणसं लटकलीत हे वॉशिंग्टनला न वळता कळायचं. एका सकाळी, माश्यांना वैतागून, पंख्याखाली सरकवायला म्हणून त्यानं एक कुंडी उचलली, आणि ती सोमवारच्या पहिल्या गाडीसारखी जड लागली. दुसरी उचलली. तीही खचाखच भरलेली! इतके दिवस पाण्याचा थेंब घातला नव्हता. मग आत चढलंय कोण?

त्यानं बोटानं वरची माती बाजूला केली. खाली हिरवट, ओला, गच्च लगदा. येर्बा! काढा पिऊन झालेली पत्ती, वाळक्या भोपळ्याच्या पेल्यातून पाण्यासकट उपसलेली. आणि त्या लगद्यात एक चिमुकलं पिवळं फूल.

वॉशिंग्टननं ते फूल उचललं. तो कडू, कोरी येर्बा पिणारा. पोटाला बरं म्हणून येर्बात मार्सेलाची पिवळी फुलं टाकणारं या घरात एकच माणूस होतं. दर ईस्टरला टेकडीवर जाऊन त्यांच्या जुड्या बांधून आणणारं. एका खोलीसाठी? निबिया?

ते फूल तळहातावर घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

"हे काय आहे?"

"मार्सेला," निबिया दातात दोरा धरून म्हणाली. "डोळे गेले का तुझे?"

"माझ्या कुंडीत सापडलंय. लगद्यात. मातीखाली!"

"मग? फुलं धरल्यापासून, तू बोचासला गेलास की मी घालते. वाळकी दिसायची बिचारी, आणि मग तर तू खाणंपिणं दोन्ही तोडलंस. माझ्या अंगणातल्या झाडांना जन्मभर येर्बा घालते, बघ कशी माजलीत ती!"

"ती अंगणात आहेत, म्हातारे! ही कुंडीत! जीव गुदमरला त्यांचा! आणि वरून माती कशाला लोटलीस?"

"म्हणजे तशीच उघडी टाकू? मी कधी शिवण उघडी सोडलीय?"

वॉशिंग्टननं फूल टेबलावर ठेवलं. "पण ही मेली असती तर खोली तुलाच मिळत होती."

निबियानं दातातला दोरा काढला. "मिळतच होती. म्हणून काय झाडांना उपाशी मारून घेऊ?"

वॉशिंग्टन हसला. मग दोघांनी मिळून चमच्यांनी लगदा उपसला. काही दिवसांनी माती सुटी झाली, पानांनी मान वर केली. वळलेली टोकं काही सरळ झाली नाहीत, पण फुलं भरली आणि त्यांचा सुगंध जिन्यापर्यंत गेला. मिल्तन अजून सांगतो की दिवा वर केल्यामुळेच.

खोली वॉशिंग्टननं जिंकली. पुढच्याच रविवारी बोचास बुडवून त्यानं मिल्तनच्या मदतीनं मशीन उचललं आणि त्याच खोलीत, कुंड्यांच्या शेजारी, खिडकीखाली ठेवलं.

"हे काय?" निबियानं विचारलं.

"तुझ्यावर नजर ठेवायला."

काळ्या कापडावर काळा दोरा त्या दिव्यात काय लख्ख दिसतो म्हणून सांगू! निबिया आता तिथून उठत नाही. येर्बा पिऊन झाली की भोपळा हातात धरून ती क्षणभर कुंड्यांकडे बघते. वॉशिंग्टन तिच्याकडे बघतो.

"जाते, जाते," ती म्हणते, आणि भोपळा घेऊन अंगणाकडे निघते.