दिसलं, पण ओळखलं का?

"दिसलं? ठीक. ओळखलं का?" त्यांना काहीही दाखवलं, की एक डोळा बारीक करून ते आधी हेच विचारत. मग तो आकाशातला पक्षी असो, नाहीतर समोर लागलेली कुणाची नवी गाडी.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचं घर आमच्या कुंपणापलीकडे. कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि रीतसर परीक्षा देऊन परवाना मिळवलेले शिकारी. मला ते 'फ्राऊ नाखबारिन', म्हणजे शेजारीणबाई, म्हणत. मी गाड्यांचे सेन्सर तपासते आणि घरात सगळ्याच्या याद्या करते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून एका मार्चमध्ये ते माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले.

रानडुकरं कुरणं उकरत होती, बंदोबस्त करा म्हणून शेतकरी या शिकारी शेजाऱ्यांच्या मागे लागले होते. त्यांना बंदुकीच्या दुर्बिणीपुढे बसवायचं थर्मल यंत्र घ्यायचं होतं. अंगाच्या उष्णतेवरून अंधारातही जनावर दाखवणारं.

"आल्झो, तर मग तक्ता तुम्ही करा. बंदूक मी सांभाळतो."

"शाकाहारी बाई डुकरं मारायचं यंत्र निवडणार," नवरा म्हणाला. "आईला कळवू?"

"कळव की. त्यांचं मत वेगळ्या रकान्यात लिहिते."

वजन, भिंग, थंडीत बॅटरी किती टिकते, हातमोजे घालून बटणं दाबता येतात का, सगळं लिहिलं. सर्वांत जास्त गुण अंतराला दिले. दीड किलोमीटरवरचं डुक्कर दाखवणारं यंत्र पहिलं आलं.

त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "दीड किलोमीटरवर नक्की काय दिसतं?"

"उष्ण ठिपका."

"ठिपक्यावर मी गोळी झाडत नाही. पिलांची आई मारली तर पिलं उपाशी मरतात. कायदा आहेच, पण मलाही झोप लागायची नाही."

मी 'पिलं किती अंतरावरून ओळखू येतात' असा रकाना वाढवला. पहिलं यंत्र पाचवं झालं. इतकी वर्षं चाचण्या घेऊन हे मला सुचलं नव्हतं.

दुकानदाराने तक्त्यातली वरची दोन यंत्रं वापरून बघायला दिली. एप्रिलमधली गारठलेली पहाट. रानाच्या कडेला, मचाणाखालच्या बाकावर आम्ही दोघं. बंदूक घरीच होती. त्यांनी यंत्र डोळ्याला लावलं.

"एकटा नर. दिसला, आणि ओळखलाही."

मी तेच यंत्र घेऊन पाहिलं. जनावराच्या मागे गवतात चार लहान ठिपके हलत होते.

"जरा मागे बघा."

त्यांनी बघितलं. भिंग पुसलं. दुसरं यंत्र घेतलं. मी फोकस फिरवला, उजेड कमीजास्त केला. त्यांनी सगळं करू दिलं.

"तुम्हाला किती?"

"चार. पिलं आहेत."

"मला एकच, फ्राऊ नाखबारिन."

परतताना ते म्हणाले, "तक्त्यात माझे डोळे कुठे लिहिलेत?"

आठवड्याने आले ते नवीन मागणी घेऊन. बंदूक पुतण्याकडे गेली होती. आता साधं, हातात धरून बघायचं यंत्र हवं होतं. गवत कापायच्या आधी कुरणात लपलेली हरणाची पाडसं शोधायला. गवत कापायचं यंत्र अंगावर आलं तरी ती पळत नाहीत, नुसती दबून बसतात.

"पण डोळे?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पाडसासाठी ठिपका पुरे. ओळखायला जवळ चालत जायचं."

तीन उन्हाळे आम्ही तसंच केलं. ते बाकावरून ठिपका दाखवत, मी चालत जाई. पाडसाला माणसाचा वास लागू नये म्हणून हातात गवताचे झुपके धरायचे आणि त्याला उचलून झुडपात ठेवायचं. काही ठिपके आदल्या दिवशीच्या उन्हाने तापलेले दगड निघत. "ओळखलं?" ते लांबून विचारत. "दगड," मी ओरडे. ते हसत.

या वर्षी ते नाहीत. यंत्र त्यांच्या बायकोने माझ्याकडे दिलं. पहाटे मी एकटी जाते.

मागच्या जूनमध्ये काम संपवून ते बाकावर एक हात टेकून उठले आणि सावकाश घराकडे निघाले. माझ्या हातातलं यंत्र बंद करायच्या आधी मी सहज बाकाकडे वळवलं. फळीवर ते बसले होते तिथे त्यांच्या उबेचा फिकट उजळ ठसा होता, शेजारी टेकलेल्या हाताचा लहानसा. कडा आधी विरल्या, मग बोटं. पूर्ण विझेपर्यंत मी बघत राहिले.