विहिरीतला उलाँग

मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांची साखर बंद केली. आबांनी बाकी सगळं सोडलं, गोड चहा काही सोडवेना. बिनसाखरेचा एकदा तोंडात घेतला आणि अंगणात थुंकला. "जहर हाय," म्हणाले आणि तडक डिंगोऱ्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात गेले. पायाची जखम चिघळली होती, तरी रोज लंगडत जायचे. मी ठरवलं, बिनसाखरेचा चहा यांच्या गळी उतरवायचाच.

त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ कंपनीच्या कामासाठी तैवानला जाऊन आला. येताना त्याने उलाँग नावाच्या चहाचा पुडा आणला. त्यात मिऱ्यांसारख्या वळलेल्या हिरव्या-काळ्या गोळ्या होत्या. सवयीने मी दूध घालून उकळला, कुणाला गिळवेना. नुसत्या पाण्यात उकळला, तर तोंड आवळून आलं. भावाला फोन केला.

"ताई, उकळू नको. तिकडं गार पाण्यात टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात. कडू होत नाही."

फ्रीज होता, पण लोडशेडिंगमुळे त्यात काही गार राहत नसे. मग मळ्यातली विहीर आठवली. तिचं पाणी वैशाखातही गार. संध्याकाळी स्टीलच्या डब्यात पाणी आणि चहा घालून डबा दोरीने विहिरीत सोडला. सकाळी वर ओढला तर झाकण निघालेलं, चहा विहिरीत गेलेला.

सासूबाई म्हणाल्या, "बास कर आता. लई नाद लागलाय तुला."

मी ऐकलं नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली घेतली, धोंड्यासकट गोणपाटात बांधली आणि पुन्हा सोडली.

सकाळी बाटलीत अख्खी पानं उलगडली होती, पाणी मधाच्या रंगाचं झालं होतं. आबांना पेला दिला आणि साखर नाही हेही सांगितलं. त्यांनी घोट घेतला.

"ह्यो चा न्हाई," म्हणाले.

मी पेला घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो मागे घेतला. "पर कडू बी न्हाई. ऱ्हाऊ दे."

हॉटेल एकदम सुटलं नाही. आधी सकाळची फेरी थांबली, पुढे संध्याकाळची. डॉक्टरांच्या गोळ्या आणि पथ्य चालू होतंच. दिवाळीपर्यंत जखम भरून आली. पुडा संपला तेव्हा भावाने पुण्यात शोधून दुसरा पाठवला. आबांनी तो स्वतः फोडला, बाटली धुऊन आणली आणि मला विचारलं, "किती टाकू गं?"