केसांच्या गोळीतलं ए व्हिटॅमिन

माझे केस गळायला लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी बोअरच्या पाण्याला शिव्या दिल्या. आमच्या भागात नळाला पाणी येतं कधीमधी, बाकी सगळा कारभार त्या खारट पाण्यावर, म्हणून दोष द्यायला ते बरं सापडलं. मी पण हूं हूं करत राहिले.

थोरल्या जाऊबाईंना मात्र नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. एका सकाळी दोघींचे नवरे शेंद्र्याला कंपनीत गेले आणि जाऊबाईंनी ओट्यावर माझ्यापुढं केसांच्या गोळ्यांची डबी ठेवली.

“मेडिकलात उभी राहून निवडली. बाकीच्यांत नुसतं बायोटिन, नायतर लोह. हिच्यात बघ किती काय काय हाय. घे, माझ्यासमोर घे.”

त्यांचं गोळीचंही आमटीसारखंच, जास्त घातलं की चांगली. पाण्याचा तांब्या हातात धरून त्या उभ्याच राहिल्या.

मी डबी फिरवून वाचायला लागले. बायोटिन, झिंक, लोह, आणि खाली बारीक अक्षरांत व्हिटॅमिन ए, तेही भरपूर. मला दिवस गेले होते, दुसरा महिना चालू होता. या दिवसांत ए व्हिटॅमिन जादा झालं तर बाळाला बाधू शकतं, मला विचारल्याशिवाय कुठलीच गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरात हे फक्त मला आणि नवऱ्याला माहीत. तिसरा सरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, नजर लागते, असा आमच्याकडं रिवाज, आणि तो सगळ्यांत कडक पाळणाऱ्या जाऊबाईच.

“मग घेते. पित्त झालंय.”

“काल तर मिसळ हाणलीस. काय बघायलीस? घे की.”

त्यांनी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवलीसुद्धा. असा राग आला मला. जिभेखाली धरावी आणि मोरीत थुंकावी, असंही मनात आलं. पण आज थुंकली तरी उद्या काय करणार होते?

“नाही घेणार मी,” माझा आवाज चढला.

“का? जहर देतेय का मी तुला?” त्यांचा चेहराच पडला.

“ताई, मला दिवस गेलेत. यातलं ए व्हिटॅमिन मला चालत नाही.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. गोळी उचलून डबीत टाकली, झाकण घट्ट लावलं.

“मग सांगायचं नाय व्हय? रिवाज गेला चुलीत.” त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “पहिलटकरीण तू. लई जपावं लागतं.”

मला गप्प बसवेना.

“पहिलं नाही, ताई. श्रावणात एक गेलं. केस त्यानंतरच गळायलेत.”

“पोळ्याला तर मी तुझ्याकडून सगळं पुरण वाटून घेतलं,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले. “आदल्या दिवशीच गेलं होतं.”